गिरणगावची खानावळ, वाण्याची वही आणि गावाकडचे पोते

अन्नसुरक्षेची चर्चा सुरू झाली की ती बहुधा गोदामांतील साठा, हमीभाव, शिधापत्रिका आणि कुटुंबाचे उत्पन्न यांभोवती फिरते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण ज्या घरात या महिन्याचा पगार आलेला नाही आणि पुढचा येईल याची खात्री नाही, त्या घरापुढचा पंधरा दिवसांचा प्रश्न अधिक नेमका असतो. आज पैसे न घेता पीठ, तांदूळ, तेल कोण देईल, किती दिवस देईल आणि कोणत्या भरवशावर देईल? मुंबईच्या गिरणगावाने कित्येक पिढ्या या प्रश्नाचे उत्तर ओळखीपाळखीच्या बळावर शोधले. मी अशाच एका घरात वाढलो. वडील गिरणीत होते, आत्याची डिलाईल रोडला खानावळ होती आणि आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. तरीही आठवणी सांगण्यापेक्षा त्या व्यवस्थेचा हिशेब मांडणे मला आवश्यक वाटते, कारण गिरणगावच्या आपुलकीविषयी आज जे प्रेमाने बोलले जाते, त्यात त्या आपुलकीचा खर्च कोणी उचलला हे सहसा येत नाही.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील, तसेच सातारा, पुणे, कोल्हापूरकडील माणसांचा मोठा भरणा झाला. बहुतेक पुरुष एकटे येत. बायकामुले गावी, थोडीफार शेती गावी, आणि मुंबईत गावमंडळाच्या खोलीत एक ट्रंक व एक वळकटी मावेल एवढी जागा. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसे राहू शकत, याचे कारण पाळ्या वेगळ्या असत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर अंग टाकी. भाडे वाटून घेतले जाई, मंडळाची वर्गणी असे, आणि गावातून नवा मुलगा आला तर त्याला काम मिळेपर्यंत खोलीत ठेवून घेणे व त्याच्या जेवणाची सोय लावणे ही खोलीतल्या जुन्या माणसांची जबाबदारी समजली जाई. तो कामाला लागला की पैसे फेडी, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी तेच करी. गिरणीत चिकटवून देणारा मुकादमही अनेकदा गावचा किंवा नात्यातला असे. राहणे, जेवणे आणि रोजगार या तिन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच ओळखीवर अवलंबून होत्या.

एकट्या पुरुषांच्या या वस्तीत चूल पेटवण्याचे काम खानावळवाल्या बाईने केले. चाळीतल्या एका खोलीत राहणारी बाई आपल्या घरच्यांबरोबर दहा-पंधरा, कधी त्याहूनही अधिक कामगारांचे दोन वेळचे जेवण रांधत असे. त्यांतल्या कित्येक विधवा होत्या, काहींना नवऱ्याने टाकलेले होते, काहींचे नवरे बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागेल तेव्हाच घेतले जाणारे, होते आणि त्यांच्या कमाईला नेम नव्हता. जेवणारे बहुधा आपल्याच गावचे, भावकीतले, निदान तालुक्यातले. सकाळचा भोंगा होण्याच्या आत पहिल्या पाळीच्या माणसांच्या भाकऱ्या थापून व्हायला हव्यात. ते गेल्यावर रातपाळीहून सुटलेले जेवायला येत. दुपारी दुसऱ्या पाळीचे. आणि मध्यरात्री सुटणाऱ्यांसाठी ताट झाकून ठेवायचे. तीन पाळ्यांची गिरणी चालवायला तीन वेगळे माणूसबळ लागत असे, पण तीन पाळ्यांची चूल एकच बाई चालवत असे. रविवारी किंवा पगारानंतर मटणाची, मासळीची फीस्ट होई. कोणी गावी गेला, आजारी पडला किंवा पाहुण्याकडे जेवला, तर त्याचे खाडे मांडले जात आणि महिन्याच्या बिलातून वजा होत. आत्याला आकडे वाचता येत, नावे लिहिता येत नसत, म्हणून शाळेत असताना तिची वही मी लिहीत असे. त्या वहीत कोणाचे किती खाडे हे जसे होते, तसेच कोणाचे मागच्या महिन्याचे राहिले आहे आणि ते का राहिले आहे, हेही तिच्या सांगण्यावरून एखाद्या शब्दात लिहिलेले असे: बहिणीचे लग्न, ताप, घर शाकारणे.

त्या वहीकडे आज पाहिले की तिचा आर्थिक अर्थ स्पष्ट होतो. खानावळवाली महिनाभर स्वतः खर्च करी आणि पगार झाल्यावर वसूल करी; म्हणजे प्रत्येक खानावळ ही पंधरा-वीस कामगारांना दर महिन्याला दिलेले, कागदाविनाचे आणि जामिनाविनाचे कर्ज होती. बाईजवळ एवढे भांडवल नसे. ती तांदूळ, डाळ, तेल, मसाला वाण्याकडून उधारीवर उचली, आणि वाणी तिला उधार देई, कारण तिच्याकडे जेवणाऱ्या कामगारांच्या पगाराचा दिवस त्यालाही ठाऊक असे. बाईचा कामगारावरचा भरवसाही हवेतला नव्हता. पैसे बुडवून कोणी दुसऱ्या वस्तीत निघून गेला तर ती बातमी पुढच्या एसटीने गावात पोहोचे, आणि त्याच्या आईवडिलांना चारचौघांत मान खाली घालावी लागे. गावातली अब्रू हेच या सगळ्या उधारीचे तारण होते. शेजारधर्म, माया, गावाकडचा जिव्हाळा हे सगळे खरे होते. पण ते पगारानंतर पुन्हा पुन्हा टिकून राहण्यासाठी मागे अशी एक कडक शिस्तही होती, हे मान्य केल्याशिवाय ही व्यवस्था इतकी वर्षे कशी चालली ते कळत नाही.

या साखळीचे तिसरे टोक गावात होते. कोकणातल्या थोड्याशा जमिनीतले भात आणि नाचणी घरच्यांना वर्षभर पुरत नसे. उरलेले महिने मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर निघत. उलट दिशेने, मे महिन्यात किंवा गणपतीनंतर परतणाऱ्या चाकरमान्याबरोबर तांदळाचे पोते, कुळीथ, आमसुले, फणसाची साठे मुंबईला येत. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये, त्यामुळे तोपर्यंत ही ने-आण एसटीच्या टपावरून आणि त्याआधी बोटीने होई. घाटावरच्या कामगारांकडे ज्वारी, बाजरी, गूळ, शेंगदाणे येत. मुंबईतल्या माणसाच्या अडचणीत गाव त्याला पोसे आणि गावातल्या नापिकीत मुंबईचा पगार गावाला पोसे. दोन्ही ठिकाणची संकटे सहसा एका वेळी येत नसत, आणि या देवाणघेवाणीची सगळी ताकद त्यात होती. पावसाने दगा दिला म्हणून गिरणीचा पगार थांबत नसे. गिरणी बंद पडली म्हणून शेतातले भात करपत नसे.

लहानसहान धक्के या व्यवस्थेने सहज पचवले. आजारपण, बदली कामगाराला महिन्यात मोजकेच दिवस मिळालेले काम, नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतचा काळ यांत कोणी उपाशी राहिले नाही, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही, पण उपासमारीपासून माणसे वाचली ती प्रामुख्याने याच उधारीमुळे. मोठे धक्केही तिने काही वेळा पेलले. १९२८ मध्ये गिरण्यांचा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने चालला आणि त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार होते. उन्हाळ्यात आणि पेरणीच्या वेळी गावी जाण्याची कामगारांची रीत आधीपासूनच होती. संप त्याच सुमाराला सुरू झाल्यामुळे पुष्कळ माणसे गावी गेली, शेतात हात लागले आणि मुंबईतल्या वाण्यांवरचा व खानावळींवरचा भार हलका झाला. संपाची चर्चा करताना आपण पुढाऱ्यांची भाषणे आणि मालकांची धोरणे पाहतो. सहा महिने पगार नसलेल्या दीड लाख माणसांनी काय खाल्ले, हा प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारायला हवा.

आता या चित्राची दुसरी बाजू. गाव, भावकी आणि जात यांवर उभी राहिलेली मदत त्या चौकटीबाहेरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. खानावळी जातीजातींच्या असत. कोणाच्या हातचे कोण जेवणार हे खेड्यातून जसेच्या तसे मुंबईत आले होते. गिरणीच्या आतही तीच रेघ ओढलेली होती. विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेतले जात नसे; धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि तो मागण्यांत घ्यावा असा आग्रह धरला, तो याचसाठी. ज्याला चांगल्या मजुरीच्या खात्याचे दार बंद, त्याच्या खोलीत शिल्लक कमी. शिल्लक कमी म्हणून त्याच्या शेजाऱ्याला उसने देण्याची त्याची ताकद कमी. आणि त्यामुळे त्या सबंध वस्तीची एकमेकांना सावरण्याची क्षमताही कमी. परस्परांविषयीची माया या वस्त्यांत तसूभरही उणी नव्हती. वाटून घ्यायला मुळात हातात कमी होते.

गावाकडच्या पोत्याचेही तसेच. ज्याची गावी जमीन होती त्याच्यासाठी गाव म्हणजे धान्य होते. भूमिहीन दलित कुटुंबासाठी गावातून येणारे धान्य म्हणजे बलुत्याचा वाटा, आणि तो हीन मानल्या गेलेल्या कामांच्या मोबदल्यात मिळणारा. १९५६ च्या धर्मांतरानंतर कोकणातल्या आणि देशावरच्या असंख्य कुटुंबांनी ती कामे सोडली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने, म्हणजे अशा गावकामांबद्दल पिढ्यानपिढ्या चालत आलेले हक्क, हीही रद्द झाली. माणूस म्हणून उभे राहण्यासाठी त्यांनी घराचे धान्य पणाला लावले, ही गोष्ट सामाजिक संबंधांच्या गोड वर्णनात हरवू नये असे मला मनापासून वाटते. काही नाती पोट भरतात आणि त्याच वेळी मान वाकवायला लावतात. अशा नात्यांतून मिळणाऱ्या अन्नाला सुरक्षा म्हणायचे का, याचे उत्तर त्या कुटुंबांनी दिलेले आहे.

दुसरी किंमत बायकांनी मोजली. साखळीतल्या सगळ्या कड्यांत खानावळवाली सर्वांत अशक्त होती, आणि सगळा ताण तिच्यावर येऊन थांबत असे. कामगाराने बिल थकवले तरी त्याचे ताट बंद करणे तिला सहज शक्य नसे, कारण तो गावचा, दिराचा मेहुणा, वहिनीचा भाऊ. वाण्याला मात्र ती थांबवू शकत नसे. मग भांडी गहाण पडत, मंगळसूत्राचे मणी गहाण पडत, आणि महिन्याच्या हिशेबाने व्याज आकारणाऱ्या सावकाराचे देणे कधीच संपत नसे. बाजारात महागाई झाली तरी महिन्याचे दर तिला लगेच वाढवता येत नसत. मग ती स्वतःच्या ताटात कपात करी. हे मी पाहिलेले आहे, आणि त्या वेळी त्यात काही विशेष आहे असे घरात कोणालाही वाटत नव्हते.

सत्तरच्या दशकात या बायकांच्या बाजूने दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींनी शेजारपणाचे रूप बदलले. पहिली म्हणजे १९७२ चा दुष्काळ आणि महागाई यांच्या पार्श्वभूमीवर उभी राहिलेली महागाई प्रतिकार समिती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रिया एकत्र आल्या आणि चाळीचाळींतून लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत बायका रस्त्यावर उतरल्या. धान्य, साखर, खाद्यतेल, रॉकेल रास्त दरात मिळावे ही मागणी होती. एरवी वाटीभर साखर उसनी देणाऱ्या शेजारणीच या मोर्च्यांत होत्या. साखर दोघींच्याही घरात नसेल तेव्हा उसनवारीचा उपयोग नाही, ती सरकारकडेच मागितली पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आणि एकमेकींना आधीपासून ओळखत असल्यामुळे एका निरोपावर चाळच्या चाळ बाहेर येऊ शकली.

दुसरी गोष्ट अन्नपूर्णा महिला मंडळाची. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मोजक्या खानावळवाल्यांना एकत्र आणून हे काम सुरू केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते आणि १९७२ पासून गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची विभेदक व्याजदर योजनाही आली होती, पण चाळीतल्या बाईला बँकेच्या दारात कोण उभे करणार? तिच्या नावावर घर नाही, हिशेबाचे कागद नाहीत, सही येत नाही. मंडळाने बायकांचे गट केले, एकीसाठी दुसऱ्या उभ्या राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेची लहान कर्जे त्यांना मिळू लागली. मला यातला फरक फार मोलाचा वाटतो. ओळख तीच होती, शब्दाला शब्द देणेही तेच होते. पण आधी त्या शब्दावर बाईची मिळकत दुसऱ्यांच्या ताटात जात होती, आता त्याच शब्दावर बाहेरचे भांडवल तिच्या चुलीपर्यंत येऊ लागले. सावकार सुटला की महिन्याच्या शेवटी तिच्या हातात चार पैसे उरू लागले. बचत गटांची चळवळ महाराष्ट्रभर पसरण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे.

आणि मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साठ गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पहिले दोन-तीन महिने गिरणगाव जुन्याच रीतीने जगले. वाण्यांनी वह्या उघड्या ठेवल्या, खानावळी चालू राहिल्या, गावी जमीन असलेले गावी गेले. सामंतांच्या इतर संघटनांतल्या कारखान्यांतील कामगारांनी आपल्या पगारातून मदत दिली, ग्रामीण भागातून धान्य गोळा झाले आणि ते अडचणीतल्या कुटुंबांना वाटले गेले. शहरातल्या संपासाठी खेड्यातल्या माणसाने आपल्या कणगीतले काढून द्यावे, हे कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या नात्याचे मोठे उदाहरण आहे, आणि ते विसरले जाऊ नये.

पण संप संपला नाही. वर्ष उलटले तरी तो अधिकृतपणे मागे घेतला गेला नव्हता, आणि तोवर साखळीची एकेक कडी निकामी होत गेली. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. उधारीची व्यवस्था एकाचे अडले असता दुसऱ्याचे चालू आहे या गृहीतावर उभी असते. इथे जेवणारे सगळे एकाच वेळी बिनपगारी झाले. खोलीतले वीसही जण संपावर, शेजारच्या खोलीतले संपावर, खानावळवालीचा नवरा संपावर, वाण्याची सगळी गिऱ्हाइके संपावर. घाऊक बाजार वाण्याला किती दिवस थांबणार? गावाचीही परिस्थिती १९२८ सारखी राहिली नव्हती. जमिनीचे तुकडे आणखी बारीक झाले होते, मध्यंतरी पुष्कळ कुटुंबे मुंबईतच स्थिरावली होती, मुले शाळेत होती. एकटा पुरुष गावी जाऊन भावाच्या घरात चार महिने काढू शकतो; पाच माणसांचे बिऱ्हाड तसे जाऊ शकत नाही. शिवाय गावाचा खर्च ज्या मनीऑर्डरीवर चालायचा तीच थांबली होती. जो आधार एरवी दोन्हीकडून मिळायचा तो दोन्हीकडून एकदम आटला.

आत्याने पावसाळा लागेपर्यंत लोकांना उधार जेवू घातले. नंतर तिच्याकडे वाण्याला द्यायला काही उरले नाही आणि खानावळ बंद झाली. काही जणांनी पुढे कित्येक वर्षांनी, दुसरी नोकरी लागल्यावर, येऊन पैसे दिले. काहींची नोकरी गेली ती गेलीच आणि त्यांचा पत्ताही लागला नाही. संपानंतर लाखाहून अधिक कामगारांना गिरण्यांत पुन्हा काम मिळाले नाही. बुडलेल्या पगारांचे आणि गेलेल्या नोकऱ्यांचे हिशेब अनेकांनी मांडले आहेत. खानावळवाल्यांच्या बुडालेल्या उधारीचा हिशेब कुठल्याही वाटाघाटीत मागितला गेला नाही, कारण त्या कोणाच्याच नोकरदार नव्हत्या. संपाच्या काळात कामगाराला अन्न पुरवणारी बाई ही त्या लढ्याची भागीदार होती, आणि तिच्या नुकसानीला कोणी धनी नव्हता, ही माझ्या मनातली फार जुनी खंत आहे.

यावरून नाती कुचकामी आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. माझे म्हणणे असे आहे, की जवळच्या माणसांची मदत लवकर पोहोचते, अचूक पोहोचते, पण ती फार काळ पुरत नाही. आणि जेव्हा सगळ्यांवर एकच संकट येते तेव्हा ती सर्वांत आधी संपते. तिला दोन गोष्टींची जोड लागते. एक म्हणजे वेगळ्या परिस्थितीत राहणाऱ्या लोकांशी असलेले संबंध, जसे शहराचे गावाशी होते किंवा गिरणी कामगाराचे इंजिनिअरिंग कारखान्यातल्या कामगाराशी होते. दुसरी म्हणजे कोणाच्याही ओळखीशिवाय, जात-गाव न विचारता मिळणारे सरकारी धान्य. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा आता हक्क आहे. १९८२ मध्ये लालबागच्या घरात हा हक्क असता, तर उधारीची साखळी तुटायला किती अधिक काळ लागला असता, याचा विचार मी अनेकदा करतो.

मात्र या हक्काच्या रचनेत एक त्रुटी आहे आणि ती खानावळ पाहिलेल्या माणसाला चटकन दिसते. शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य कच्चे असते. घरात चूल आहे, रांधणारे कोणी आहे असे ती पत्रिका धरून चालते. एकट्या स्थलांतरित कामगाराकडे हे दोन्ही नसते. भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणारे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातले कामगार आजही भिशीत जेवतात, आणि ही भिशी म्हणजे रचनेने गिरणगावची खानावळच आहे: महिन्याचे बिल, वाण्याची उधारी, गावची ओळख. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, माग थांबले, आणि १९८२ मध्ये जे काही महिन्यांत घडले ते इथे काही आठवड्यांत घडले. भिशीवाल्याकडे येणारा पैसा थांबला, त्याला मिळणारी उधारी थांबली, आणि माणसे पायी, ट्रकमधून, पुढे श्रमिक रेल्वेने गावाकडे निघाली. महाराष्ट्रात त्याच वर्षी २६ जानेवारीला सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत ५ रुपयांना मिळू लागली, मे महिन्यात केंद्राने शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांना माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो हरभरा दोन महिन्यांसाठी जाहीर केला. पण ज्याच्या खोलीत स्टोव्हही नाही, त्याने पाच किलो तांदळाचे काय करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात राज्यांना दोन गोष्टी सांगितल्या: एक देश एक शिधापत्रिका योजना सगळीकडे लागू करा, आणि स्थलांतरित कामगार जिथे मोठ्या संख्येने आहेत तिथे महासाथ असेपर्यंत सामुदायिक स्वयंपाकघरे चालवा. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची ही देवाणघेवाण २०१९ पासूनच सुरू झालेली होती, आणि कुटुंबातल्या एका माणसाला आपल्या वाट्याचे धान्य दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून उचलता येते. या दोन आदेशांच्या मधली जागा रिकामी आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा शहरांत भिशा आणि खानावळी आधीपासून चालू आहेत. कोण जेवतो, कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची साधी नोंदणी करून, जेवणाऱ्या कामगारांच्या संमतीने त्यांच्या वाट्याचे धान्य थेट त्या खानावळीत पोहोचवता येईल आणि त्या प्रमाणात महिन्याचे बिल कमी करता येईल. वसतिगृहांना आणि कल्याणकारी संस्थांना सवलतीच्या दराने धान्य देण्याची पद्धत सरकारकडे आहेच; खानावळीलाही त्या नियमांत आणणे अशक्य नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की खानावळवाले खोटी नावे दाखवतील. त्यासाठी जेवणाऱ्याचा अंगठा महिन्यातून एकदा घेता येईल आणि रेशन दुकानांवर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समित्यांमध्ये त्या जेवणाऱ्यांचा प्रतिनिधी घेता येईल. रोज त्याच ताटात जेवणारा माणूस यापेक्षा चांगला तपासनीस कोणता? दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो: अशा रीतीने खानावळीला बळ दिले तर जातीच्या, प्रांताच्या भिंतीही पक्क्या होतील. म्हणून धान्याच्या बदल्यात एक अट हवी, की नोंदणी झालेली खानावळ कोणत्याही कामगाराला जात, धर्म, प्रांत पाहून नाकारणार नाही. आणि धान्याबरोबर खानावळ चालवणाऱ्यांसाठी, विशेषतः बायकांसाठी, बँकेचे खेळते भांडवल आणि काम बंद पडण्याच्या काळात थकलेल्या बिलांपोटी हमी द्यावी. ती हमी कामगार कल्याणाच्या निधीतून देता येईल, कारण कारखाना बंद असताना कामगाराला टिकवून धरण्याचे काम खानावळच करत असते. पुढचा संप, पुढची टाळेबंदी किंवा मंदी येण्याआधी एखाद्या महापालिकेने आपल्या हद्दीतल्या भिशांची यादी तरी करावी, एवढ्यापासून या कामाची सुरुवात होऊ शकते.